हेलियमचे दुहेरी आयनीभवन कसे मोजावे

हेलियमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला 24.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, तर दोन्ही काढायला 79.0. मात्र आघात करणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा कित्येक हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत वाढवली, तरी एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या दर हजार (एकभारी) आयनांमागे दोन्ही गमावलेले (द्विभारी) आयन जेमतेम दोन-तीन मिळतात. म्हणून या मोजणीतले खरे कसब द्विभारी आयन तयार करण्यात नसून, मोजलेला आयन द्विभारी हेलियमचाच होता हे दाखवण्यात आहे.

निर्वात कक्षात हेलियमचा विरळ झोत सोडावा, त्यावर शंभर नॅनोसेकंदांहून आखूड असे इलेक्ट्रॉनांचे स्पंद मारावेत आणि स्पंद संपल्यावरच आयन ओढून घेणारे विद्युत क्षेत्र लावावे. ते आधीपासून असेल तर इलेक्ट्रॉनांची ऊर्जा निश्चित राहत नाही. आयनाचा उड्डाणकाळ, म्हणजे डिटेक्टरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, वस्तुमान आणि भार यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. एकभारी हेलियमला 4.00 मायक्रोसेकंद लागत असतील, तर द्विभारी 2.83 मायक्रोसेकंदांत पोहोचतो.

नेमकी इथेच अडचण येते. द्विभारी हेलियमचे हे गुणोत्तर 2.001 आहे, आणि निर्वात कक्षात हटकून उरणाऱ्या हायड्रोजनच्या रेणूचा एकभारी आयन 2.016 वर येतो. उड्डाणकाळातला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्याने साध्या उपकरणात उड्डाणकाळाच्या आलेखावरची दोन्ही शिखरे एकमेकांत मिसळतात. हेलियम बंद ठेवून पार्श्वभूमी मोजावी आणि वजा करावी, हा उपाय चालतो. पण मूळ संख्याच लहान असताना मोठ्या संख्येतून मोठी संख्या वजा करणे मला धोक्याचे वाटते. त्यापेक्षा हेलियम-3 हा महाग समस्थानिक वापरावा, कारण त्याचा द्विभारी आयन 1.5 वर, म्हणजे मोकळ्या जागी पडतो.

दाब निम्मा केल्यावर दोन्ही प्रकारच्या आयनांची संख्या निम्मी व्हायला हवी, तसेच इलेक्ट्रॉनांच्या शलाकेचा प्रवाह निम्मा केल्यावरही. प्रवाहाबरोबर द्विभारींचे प्रमाण बदलत असेल, तर काही अणूंना दोनदा आघात बसत आहे असे समजावे. डिटेक्टरवर द्विभारी आयन दुप्पट ऊर्जेने आदळतो आणि त्यामुळे अधिक सहज नोंदला जातो. म्हणून डिटेक्टरच्या दर्शनी भागाचा व्होल्टेज इतका वाढवावा की तो आणखी वाढवल्याने नोंदी वाढणार नाहीत.

शेवटी शलाकेची ऊर्जा 79 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली आणावी. तरीही द्विभारीच्या जागी शिखर उरले, तर ते हेलियमचे नाही.