कोरफड, जवस, तेल सगळं लावूनही झिपऱ्या? कुरळ्या केसांच्या या चुका टाळा

न्हाऊन आल्यावर आरशात बटा कशा छान वळलेल्या दिसतात. तासाभरात त्याच बटांच्या झिपऱ्या होतात. मग केस कोरडे पडले असं समजून आपण वरून तेल चोपडतो, आणि झिपऱ्या तशाच राहून वर तेलकट होतात. मी हे कित्येक वर्षं केलं. वस्तू चांगल्याच होत्या, त्या लावायची वेळ चुकत होती.

आधी केस का फुलतात ते बघू. कुरळा केस आडवा कापला तर तो सरळ केसासारखा गोल नसतो, चपटा असतो. टाळूतलं तेल इतकी वळणं घेत टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टाळू तेलकट आणि टोकं राठ. राठ केसावरचे बारीक खवले उचललेले असतात. दमट हवा आत शिरते, प्रत्येक केस आपल्या मर्जीने फुगतो, शेजाऱ्यापासून सुटतो आणि बट फुटते. बट फुटू न देणं, एवढंच आपलं काम.

जेल उशिरा लावणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पंच्याने डोकं खसाखसा पुसायचं, कपडे वगैरे घालायचे आणि मग निवांत जेल लावायचं. तोवर बटा फुटलेल्या असतात, जेल त्यांना तशाच फुटलेल्या अवस्थेत घट्ट करतं. केस निथळत असतानाच जेल लावा. मुठीत धरून दाबल्यावर पचपच आवाज आला पाहिजे. डोकं खाली वाकवून, बट तळहातावर घेऊन टोकाकडून टाळूकडे दाबत जा. मग जुन्या सुती टी-शर्टने नुसतं टिपा. आणि नंतर हात लावू नका! (हे सर्वात अवघड.)

वाळल्यावर केस पापडासारखे कडक लागतात. घाबरून धुऊन टाकू नका, कडक झाले म्हणजे जेल बसलं. पूर्ण वाळल्यावर तळहातांना दोन थेंब तेल चोळून बटा हलक्या हाताने चुरगाळा, कडकपणा जातो आणि वळण राहतं.

जवसाचं जेल थंड झाल्यावर गाळणं

पाव कप जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर ८ ते १० मिनिटं, सतत ढवळत. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटली की आच बंद करा आणि गरम असतानाच गाळा. पहिल्या वेळी मी ते निवू दिलं होतं. गाळणीवर शेंबडासारखा गोळा बसला, खाली थेंब पडेना. शेवटी नायलॉनच्या पातळ मोज्यात भरून पिळलं. या जेलमध्ये टिकवणारं काही नसतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवूनही आठवडाभरच वापरा. आंबूस वास आला किंवा पाणी सुटलं तर फेकून द्या.

कोरफड थेट पानातून डोक्यावर

पान कापलं की सालीखालून पिवळा चीक येतो, त्याने खाज सुटू शकते. कापलेलं टोक खाली करून पान पंधरा मिनिटं उभं ठेवा, चीक निथळू द्या, मग गर काढा. कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस थांबा. आणि केसांत कोंड्यासारखे पांढरे कण दिसले तर तो कोंडाच असेल असं नाही. कधी कधी कोरफड आणि कंडिशनर यांचं एकमेकांशी जमत नाही. दोन्ही थोडंथोडं तळहातावर कालवून बघा. नासलेल्या दुधासारखं फाटलं तर ती जोडी सोडा.

तेलाला पाणी समजणं

तेल ओलावा देत नाही, फार तर आत आहे तो अडवतं. त्यातल्या त्यात खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. म्हणून त्याची खरी जागा न्हाण्याआधी, टोकांवर. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच. कोंड्याशी संबंधित असलेली यीस्ट तेलातल्या स्निग्धाम्लांवरच पोसली जाते.

स्वयंपाकघरातलं सगळंच चांगलं मानणं

खायचा सोडा अल्कधर्मी असतो, त्याने खवले आणखी उघडतात. लिंबाचा रस उलट टोकाचा, पीएच २ च्या आसपास. तो लावून उन्हात बसलं तर केसांचा रंगही उडतो. अंड्यातली प्रथिनं केसात शिरण्याइतकी बारीक नसतात. शिवाय मी एकदा वरून कढत पाणी घेतलं आणि अर्धा तास केसांतून शिजलेलं अंडं वेचत बसले. रिठा नैसर्गिक खरा, पण त्यातलं सॅपोनिन साबणासारखंच तेल ओढून काढतं. कोरड्या केसांना तो रोज नको. मध आणि ग्लिसरीन हवेतलं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे फार दमट दिवसांत त्यांनीच केस फुगतात. अशा दिवसांत ते वगळा.

कोरडे केस विंचरू नका. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर गुंता सोडवा. ओला केस ताणला की पटकन तुटतो, तेव्हा घाई नको.

हे सगळं करूनही पुढच्या दोन-चार बटा सरळच लोंबत असतील तर तिथे इस्त्री फिरली होती का ते आठवा. उष्णतेने वळण मेलेला केस कशानेही पुन्हा वळत नाही. माझ्या कपाळावरच्या बटा अशाच गेल्या. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, त्या हिशोबाने दर दोन महिन्यांनी थोडं थोडं कापत मी त्या वर्षभरात काढून टाकल्या.