जायबंदी, वय झालेला स्टार टीमच्या अजून कामाचा आहे का, हे कसं ओळखायचं

बास्केटबॉलच्या आकडेवारीत आधी पॉइंटचा रकाना झाकून ठेवा. मी एनबीएमधल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) लेकर्स टीमच्या कोबी ब्रायंटला वर्षानुवर्षं जीव लावून पाहिलं आणि त्याच्याच बाबतीत हा रकाना मला सगळ्यात जास्त फसवून गेला. हातातलं कसब शेवटी जातं, पाय आधी जातात.

त्यामुळे मॅच दोनदा पाहा, आणि दुसऱ्यांदा पाहताना बॉलकडे बघूच नका. फक्त तुमच्या स्टारच्या पायांवर नजर ठेवा. समोरचा खेळाडू कोपऱ्यात शॉट घ्यायला उभा राहिला की हा तिथवर धावत जातो का? गेला तर शेवटची दोन-तीन पावलं तोकडी करून, गुडघे वाकवून थांबतो का, की लांबूनच हात वर करून मोकळा होतो? उडीनंतर खाली येताना दुखरा पाय अलगद टेकवून सगळा भार दुसऱ्यावर टाकतो का? विरोधी टीम स्क्रीन लावायला (म्हणजे उभं राहून बचाव करणाऱ्याची वाट अडवायला) मुद्दाम तो ज्याला अडवतोय त्याच माणसाला बोलावतेय का, हेही मोजा. एका क्वार्टरमध्ये मी अशा सात खुणा केल्या, तेव्हा मला कळलं की समोरच्या कोचने माझ्याआधीच त्याला ओळखलंय.

मग दुखापत कोणती ते बघा. १२ एप्रिल २०१३ ला कोबीची अकिलीस कंडरा (टाचेमागची जाड शीर) तुटली. तशा पायाने त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि चालत बाहेर गेला. तो क्षण आठवला की अजून गळा दाटून येतो. पण पहिलं पाऊल झपकन टाकायला आणि उडी घ्यायला जोर येतो तो याच कंडरेतून, आणि त्याचा सगळा खेळ त्याच जोरावर उभा होता. सॅन अँटोनिओ स्पर्स टीमच्या टिम डंकनचा डावा गुडघाही दुखावलेला होता, पण उंची, जागा धरणं आणि वेळेवर पास देणं गुडघ्यावर तेवढं अवलंबून नसतं.

आता कोर्टवरची मिनिटं. माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते, कारण इथे खेळाडूइतकाच कोचही तपासला जातो. २०१३-१४ मध्ये स्पर्सचा एकही खेळाडू मॅचला सरासरी ३० मिनिटं खेळला नाही. डंकन २९.२ मिनिटं खेळला. जूनमध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, फायनलमध्ये मायामी हीटला ४-१ ने हरवताना त्याच्या पायात ताकद शिल्लक होती. तुमचा स्टार मिनिटं कमी करायला तयार आहे का? नसेल, तर त्याच्या चांगल्या वीस मिनिटांची किंमत पुढची पंधरा खाऊन टाकतात.

पैशाचा हिशेब सरळ आहे: पगार भागिले सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारखर्चावर लीगने घातलेली मर्यादा). २०१५-१६ मध्ये कॅप ७ कोटी डॉलर होती आणि कोबीचा पगार अडीच कोटी. एक तृतीयांशाहून जास्त. हा करार लेकर्सने नोव्हेंबर २०१३ मध्ये केला, तो दुखापतीनंतर एकही मॅच खेळलेला नसताना. डंकन २०१३-१४ मध्ये साधारण एक कोटीवर खेळत होता, म्हणून त्याच्याभोवती माणसं जमवता आली.

शॉटही पैशासारखेच मोजा. ते कोणाच्या तरी वाट्याचे असतात. त्या शेवटच्या सीझनमध्ये कोबी सामन्याला जवळपास १७ शॉट घेत होता आणि त्यातले ३५.८ टक्केच आत जात होते. टीममध्ये डिअँजेलो रसेलसारखी कोवळी पोरं शिकत होती. लेकर्स १७ जिंकले, ६५ हरले.

"ड्रेसिंग रूममध्ये उपयोग होतो" असं कोणी म्हणालं तर ते उडवून लावू नका, पण टाइमआउटमध्ये शोधा. तो कोणाच्या शेजारी बसतो, बोटाने कोर्टवरची जागा दाखवतो का, आणि पुढच्या खेळीत तो पोरगा खरंच तिथे जाऊन उभा राहतो का.

हे सगळं एका मॅचवरून ठरवू नका, निदान दहा तरी घ्या. १३ एप्रिल २०१६ ला कोबीने यूटा जॅझविरुद्ध ६० पॉइंट काढले आणि मी हमसून हमसून रडले. वहीत त्या ६० च्या शेजारी, त्यासाठी लागलेले ५० शॉटही मी लिहून ठेवलेत.