बायोस्टॅटिस्टिक्सला जायचंय? आधी मार्क्स कार्ड काढा

बायोस्टॅटिस्टिक्स म्हणजे आरोग्याच्या माहितीचं संख्याशास्त्र. त्यात एम.एससी. करायची असेल आणि डिग्रीच्या पाचव्या सेमिस्टरला असाल तर आजच ट्रंकेतली सगळी मार्क्स कार्डं काढा आणि विषयांची नावं मोठ्यानं वाचा. मॅथ्स किती सेमिस्टर होतं? स्टॅटिस्टिक्स होतं का? टक्केवारी नंतर बघू. आपल्या बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात सीबीझेडवाली (केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी घेतलेली) पोरं नावातला 'बायो' बघून इकडं वळतात आणि मग प्रॉबेबिलिटीच्या पहिल्याच तासाला घामाघूम होतात. इथं बेडूक चिरायचा नसतो. इन्फरन्स, रिग्रेशन, सर्व्हायव्हल ॲनालिसिस असलं संख्याशास्त्र दोन वर्षं चघळायचं असतं. त्यामुळं बहुतेक ठिकाणी पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र मागतात. काही ठिकाणी डॉक्टर आणि फार्मसीवालेही चालतात, पण पीयूसीला (अकरावी-बारावीला) गणित सोडलेलं असेल तर अर्जाचे पैसे भरण्याआधी पात्रतेचं कलम दोनदा वाचा. टक्के पन्नास की पंचावन्न, तेही त्याच कलमात असतं.

कुठं अर्ज करायचा? मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, वेल्लोरचं सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज), मणिपाल ही नावं यादीत असू द्यात. देवनारला बायोस्टॅटिस्टिक्सच्या जोडीला डेमोग्राफी, म्हणजे लोकसंख्याशास्त्र असतं. पण एवढ्यावरच थांबू नका. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात किंवा धारवाडला साधी एम.एससी. स्टॅटिस्टिक्स करूनही या कामात शिरता येतं, आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर मी तरी तोच रस्ता सांगेन. निपाणीच्या पोराला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा, तेव्हा तुक्के मारू नका.

आता खरी डोकेदुखी, नावाची. माझ्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) कार्डावर नाव आणि पुढं वडिलांचं एक इनिशियल. डिग्रीच्या कार्डावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आधारवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. महाराष्ट्रातल्या फॉर्मवर तर आडनाव आधी. कागद तपासणाऱ्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि विचारलं, "यातले तुम्ही कोण?" बाँडवर ॲफिडेव्हिट, नोटरीचा शिक्का आणि महिनाभराची मुदत, एवढ्यावर सुटलो. तुम्ही ते ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा. गावाच्या नावाचंही तेच. 1 नोव्हेंबर 2014 ला इंग्रजीतलं 'बेलगाम' जाऊन 'बेळगावी' आलं, त्यामुळं जन्मदाखल्यावर एक आणि रहिवासी दाखल्यावर दुसरं असणारच. त्याला घाबरायचं कारण नाही, फॉर्ममध्ये मात्र सगळीकडं एकच लिहा.

जात-उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून आणायचे. खिडकीवर "नाळे बन्नी" (उद्या या) ऐकायची तयारी ठेवूनच जा आणि फेब्रुवारी-मार्चमध्येच जा, जूनच्या रांगेत नको. मागासवर्गांची राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. कर्नाटकाच्या यादीतल्या 3बी गटाचा दाखला हातात आहे म्हणून केंद्राच्या संस्थेत ओबीसीची जागा मिळेलच असं नाही. केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा मागावा लागतो, आणि तो चालू वर्षाचा लागतो. महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांतली मुलं महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जाताना सीमाभागातल्या रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले जोडतात. एम.एससी.चे प्रवेश त्या इंजिनिअरिंगच्या सीईटीतून (प्रवेश परीक्षेतून) होत नाहीत. तरी ते दोन कागद फाइलीत असू द्यात आणि विद्यापीठाच्या पुस्तिकेत सीमाभागाचं कलम शोधा.

बाकीचे कागद: टीसी, मायग्रेशन, प्रोव्हिजनल, एबीसी आयडी (क्रेडिटच्या खात्याचा नंबर), डिजिलॉकर, फोटो. झालं.

मुलाखत असेल तर सॅम्पल साइजचं, म्हणजे अभ्यासाला माणसं किती घ्यायची त्याचं गणित हातानं करून जा. मला विचारलं होतं: प्रमाण 50 टक्के, चूक 5 टक्के, माणसं किती? मी 4 गुणिले 50 गुणिले 50 भागिले 25 करून 400 म्हटलं. "चार कुठून आले?" 95 टक्के खात्रीसाठी 1.96 हा आकडा घेतात, त्याचा वर्ग 3.84, तोच ढोबळपणे चार धरतात, हे सांगता आलं. मग नेमकं उत्तर किती? 384.16. मी 384 म्हणून मोकळा झालो. समोरचे सर हसून म्हणाले, "उरलेला पॉइंट सोळा माणूस कुठं ठेवलास रे?" सॅम्पल साइज नेहमी वर उचलायचा, 385. हे काही मी जन्मात विसरणार नाही.

प्रवेश मिळाला की घरचे पेढे वाटून मोकळे होतात. डिग्री पुरी करायची तयारी मात्र पहिल्याच सेमिस्टरला सुरू करायची. चार सेमिस्टर, साधारण 80 क्रेडिट, 75 टक्के हजेरी हे सांभाळता येतं. पोरं अडकतात ती डिझर्टेशनला, म्हणजे प्रबंधाला. दवाखान्यातल्या रुग्णांची माहिती घ्यायची म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, आणि ती माहिती गोळा करण्याआधी हवी. कमिटी रोज बसत नाही. तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) द्या. ते जमणार नसेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखी आधीच गोळा केलेली माहिती वापरा. पाचवी फेरी 2019-21 ची आहे आणि ती याच देवनारच्या संस्थेनं केली. 'आर' (R) हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. एक्सेलवर दोन वर्षं काढणारे मी पाहिलेत, त्यांचं नाव काढत नाही. प्रबंधाचा मजकूर दुसऱ्याशी 10 टक्क्यांपर्यंत जुळला तर यूजीसीच्या 2018 च्या नियमात दंड नाही. त्यापुढं प्रकरण वाढतं.

शेवटी लायब्ररी-हॉस्टेलचं नो ड्यूज आणि पदवीदानाचा अर्ज. हा अर्ज वेगळा भरावा लागतो, आपोआप काही होत नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठात त्यावर देवनागरीत नाव लिहायचा रकाना असतो. आपल्या आधीच्या कार्डांवर नाव कन्नड आणि इंग्रजीतच असतं, त्यामुळं समोर ठेवून उतरवायला एकही कागद नसतो. ऱ्हस्व-दीर्घ आईला नाहीतर शाळेतल्या बाईंना विचारून मगच भरा.