डाळिंबाच्या मुळांवर गाठी? आधी कुदळ घ्या, मग दुकानात या

सांगोला तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. पिवळ्या पानांचा फोटो मोबाईलवर दाखवत माणसं येतात आणि म्हणतात, "मालक, काहीतरी जोराचं द्या." फेरस, झिंक (लोह-जस्ताची खतं) देतोही मी, धंदाच आहे तो. पण ओल असूनही झाड दुपारी मान टाकतंय, फुटवा बारीक निघतोय, फळ फुगत नाही, आणि हे सगळ्या बागेत नसून ठिकठिकाणी ठिगळासारखं दिसतंय, असं असेल तर मला फोटो नको. मुळं दाखवा. शंका असते सूत्रकृमींची, म्हणजे मुळांत शिरून गाठी करणाऱ्या बारीक जंतांची.

ड्रिपरच्या खाली, झाडाच्या घेराच्या कडेला, वीतभर खोल हलक्या हाताने उकरा. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं तिथेच असतात. हिसका मारून उपटू नका, गाठीची मुळं मातीतच तुटून राहतात. बादलीत पाणी घेऊन मुळं खळबळून धुवा. सूत्रकृमी असतील तर मुळं मण्यांच्या माळेसारखी जागोजागी सुजलेली दिसतात. हरभरा-भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी नखाने सहज निघतात. ही सूज मूळच फुगून झालेली असते, ती निघत नाही. भिंग असेल तर गाठीवर तपकिरी, चिकट ठिपका शोधा. ती अंडीपुंज. एका मादीची दोनशे ते पाचशे अंडी त्यात असतात, आणि उन्हाळ्यात साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. पिल्लू जेमतेम 0.4 मिलिमीटरचं, मातीत डोळ्यांना दिसत नाही.

खात्री करायची असेल तर चार-पाच झाडांखालची ओली माती आणि थोडी बारीक मुळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सावलीतून प्रयोगशाळेत पोहोचवा. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे. माती वाळवून नेऊ नका. नेहमीच्या माती परीक्षणाची सवय इथे उपयोगाची नाही.

आता इलाज. माझ्या गल्ल्याला न परवडणारी गोष्ट आधी सांगतो: बागेत एकदा शिरलेला सूत्रकृमी पूर्ण जात नाही. दर बहाराला, म्हणजे फुलं-फळं धरण्याच्या प्रत्येक हंगामाला, त्यांची संख्या खाली ठेवायची, एवढंच आपल्या हातात. एका डोसात बाग साफ करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

सगळ्यात स्वस्त इलाज आफ्रिकन झेंडू. पण बांधावर चार झाडं लावून काही होत नाही, तो डाळिंबाच्या मुळांजवळ हवा. ड्रिपरच्या ओलीत, आळ्यात रोपं लावा आणि चार-पाच महिने उभी ठेवा. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यांनी सूत्रकृमी मरतात, आत शिरलेल्यांचीही वाढ होत नाही. दसऱ्याला फुलं विकली तर तेवढाच खर्च निघतो. झेंडूवर लाल कोळी येतो, तेवढी नजर ठेवा. झेंडू काढताना उपटू नका, जमिनीलगत कापून तिथेच आच्छादन करा. वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडी मात्र आंतरपीक म्हणून नको. ती सूत्रकृमींची आवडती पिकं. कित्येकजण आळ्यात हौसेने दोन वांगी लावतात, तीही नकोत.

दुसरं, निंबोळी पेंड. मोठ्या झाडाला दोन ते तीन किलो, बहार धरताना मातीत मिसळून लगेच पाणी. पेंडीत भेसळ फार. मूठभर पेंड ग्लासभर पाण्यात ढवळा. तळाला वाळू बसली तर पोतं परत करा, माझ्याकडून घेतलेलं असलं तरी.

तिसरं, जैविक बुरशी. पॅकेटवर पॅसिलोमायसिस किंवा पर्प्युरिओसिलियम लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. ही बुरशी अंड्यांवर वाढते. नुसती पाण्यातून सोडण्यापेक्षा एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात दोन किलो पावडर मिसळा, सोबत ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयोगी बुरशी. ढीग सावलीत ओलसर ठेवून गोणपाटाने झाका, अधूनमधून वरखाली करा. पंधरा दिवसांनी हे खत पेंडीबरोबर आळ्यात टाका. आसपासच्या काळात कॉपर किंवा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकांची आळवणी (मुळांशी औषधाचं पाणी ओतणं) करू नका, नाहीतर पैसे देऊन आणलेली बुरशी स्वतःच्या हाताने माराल. पॅकेट घेताना उत्पादनाची तारीख बघाच. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापलेलं पॅकेट फुकट दिलं तरी घेऊ नका.

रासायनिक औषधाबद्दल थोडंच. फोरेट 2020 च्या शेवटी बंद झालं, तरी अजून कुणीतरी हळूच विचारतं. मी ठेवत नाही. दुसरं कुठलंही घ्यायचं तर लेबलवर डाळिंबाचं नाव आणि काढणीपूर्व दिवस (औषध दिल्यावर फळ तोडायला किती दिवस थांबायचं ते) वाचा, विशेषतः बाग निर्यातीसाठी अनारनेटवर नोंदवली असेल तर. एवढ्याशा अवशेषावरून माल परत येतो.

गाठी झालेल्या झाडाला बहारासाठी कडक ताण देऊ नका, म्हणजे पाणी फार दिवस तोडू नका. आधीच मुळांची ताकद गेलेली असते. झाड वाळवून टाकणाऱ्या मर रोगाची बुरशीही सूत्रकृमींनी केलेल्या जखमांतून आत शिरते. मर लागून गेलेल्या कित्येक झाडांची मुळं धुऊन बघितली की गाठी सापडतात.

नवी लागवड करणाऱ्यांनी रोपांच्या खेपेतल्या एका पिशवीचं रोप काढून मुळं धुऊन बघावीत. नर्सरीवाला तोंड वाकडं करेल, करू द्या. गाठ दिसली तर सगळी खेप परत. खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून महिनाभर उन्हात उघडे ठेवा. नर्सरीची किंवा भाजीची जागा असेल तर ओल करून पारदर्शक पॉलिथिन चार ते सहा आठवडे अंथरा, कडा मातीत नीट दाबा. काळं प्लास्टिक या कामाला नको. दुसऱ्याच्या बागेतून आलेला रोटाव्हेटर बांधावरच धुऊन घ्या, चिकटलेल्या मातीतून सूत्रकृमी येतात.

मेलेलं झाड काढताना मुळांसकट काढा, मुळं जाळा, आणि त्या जागी लगेच दुसरं रोप लावू नका. खड्डा तापू द्या, नंतर एक हंगाम झेंडू किंवा ताग घ्या.