१४२८५७ ची कुंडली कशी मांडायची

मोठी संख्या फळ्यावर लिहिली आणि तिला कशाकशाने भाग जातो ते विचारलं की मुलं लगेच भागाकार करत सुटतात. मी आधी पेन्सिली खाली ठेवायला लावते. सातवीच्या वर्गाला दर वर्षी १४२८५७ हीच संख्या देते, कारण मुलांना ती आधी भेटलेली असते. १ ला ७ ने भागताना दशांशचिन्हापुढे हेच सहा अंक फिरून फिरून येतात.

शेवटी ७ आहे, म्हणजे २ आणि ५ चा प्रश्न मिटला. आता उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा. १४२ आणि ८५७.

गटांची बेरीज करा. ९९९ आले. हजाराला ९९९ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून हजारांचा गट खाली आणून मिळवला तरी बाकी बदलत नाही. ९९९ म्हणजे २७ × ३७. एका बेरजेत दोन्ही हाती लागले.

मग वजाबाकी. ८५७ मधून १४२ गेले, ७१५ राहिले. हजार म्हणजे १००१ ला एक कमी, म्हणून इथे वजा करायचं. आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. (गट जास्त असतील तर उजवीकडून आलटून पालटून अधिक-उणे करा.) ७१५ ला ११ ने भाग जातो, १३ ने जातो, ७ ने जात नाही. इथे वर्गात हमखास गलका होतो. "बाई, सातातूनच आली ना ती?" मग मी संख्येला ७ ने गुणायला लावते. ९९९९९९ येतात. सहा नवांमध्ये सात एकदाच होता. तो काढून घेतल्यावर उरली ती ही संख्या. तिच्यात तो पुन्हा कुठून सापडणार?

तर १४२८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. संयुक्त संख्या. घातांकांत एकेक मिळवून गुणा, ४ × २ × २ × २, म्हणजे ३२ विभाजक. ती स्वतः सोडून बाकीच्यांची बेरीज ११२५०३, संख्येपेक्षा कमी. म्हणून ती परिपूर्ण (म्हणजे ही बेरीज जिच्याइतकीच येते अशी) संख्या नाही.

यानंतरच्या दोन कसोट्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या (१९०५–१९८६). आम्ही नाशिककडची माणसं, त्या सोडून कसं चालेल? अंकांची बेरीज २७, तिने संख्येला भाग जातो, ५२९१ येतात. म्हणजे ही हर्षद संख्या, आनंद देणारी. आता वर्ग करा: २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक तोडा. २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. ही झाली कापरेकर संख्या.

हा वर्ग मोबाईलवर मात्र करू नका. वहीत मांडा आणि एकेक ओळ नीट बघा. सातची ओळ ९९९९९९. पाचची ७१४२८५, दोनची २८५७१४, चारची ५७१४२८, तेच अंक जागा बदलून. आठची ओळ ११४२८५६ तेवढी बिघडल्यासारखी दिसते. तिचा पहिला १ उचला आणि शेवटच्या ६ मध्ये मिळवा.