गच्चीवरून ड्रोन उडवताय? रेंजच्या बाबतीत या चुका टाळा

ड्रोन तीन-चारशे मीटरवर गेला आणि स्क्रीनवरचं चित्र फाटायला लागलं की आपण आधी रिमोटचा सिग्नल वाढवणारा बूस्टर शोधतो. मीही तेच केलं. नागपूरला पारडीच्या पुढे आमचं घर, आजूबाजूला बरेच प्लॉट अजून मोकळे, तरी चित्र अडखळायचं. बूस्टर लावूनही जेमतेम फरक. दोष निघाला कूलरचा. उन्हापायी मी वरच्या खोलीच्या सावलीत उभा राहायचो आणि समोर खिडकीला पत्र्याचा कूलर, तोही पाण्याने भरलेला. पत्रा रेडिओलहरी अडवतो, पाणी त्या शोषतं. चार पावलं सरकून कठड्याशी आलो आणि चित्र स्वच्छ झालं. पाण्याची टाकी, पत्र्याची शेड, सोलर हीटर हे सगळे याच माळेचे मणी. ड्रोन यांच्या मागे जाणार असेल, तर तुम्हीच जागा बदला.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो: अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखणं. टॉर्च रोखल्यासारखं वाटतं खरं, पण काडीच्या अँटेनातून सिग्नल टोकातून निघत नाही, अंगातून निघतो. तो मेदूवड्याच्या आकारात पसरतो आणि टोकाच्या दिशेला असतं वड्याचं भोक. रिमोटवर चपट्या पट्ट्या असतील, तर त्यांची रुंद बाजू ड्रोनकडे ठेवा, दोन्ही पट्ट्या समांतर. ड्रोन थेट डोक्यावर आला आणि सिग्नल पडला, तर अँटेना आडव्या करून बघा. उभ्या असताना टोकं त्याच्याकडेच होती.

ड्रोनवरची अँटेना उभी आणि तुमची आडवी असेल, तर 20 डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव भाग सिग्नल वाया जाऊ शकतो. एफपीव्हीवाल्यांनी (ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत उडवणाऱ्यांनी) गोल ध्रुवणाच्या, म्हणजे लहर फिरकी घेत सोडणाऱ्या, अँटेना घेताना दोन्ही टोकांना एकाच फिरकीच्या घ्याव्यात. एक उजवी, एक डावी असं केलं की पैसे पाण्यात.

आता बूस्टरचं गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट करायला पॉवर चौपट लागते. पॉवर दुप्पट केलीत तर अंतर वाढतं फक्त 1.4 पट. शिवाय साधा बूस्टर तुमचा आवाज मोठा करतो, ड्रोनकडून येणारं चित्र तेवढंच क्षीण राहतं. आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झवर परवान्याशिवाय 4 वॉट ईआयआरपीची (अँटेनातून एका दिशेला जाणाऱ्या ताकदीची) मर्यादाही आहे, आणि अँटेनाचा गेन, म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटून मिळणारी वाढ, त्यातच मोजला जातो.

बांबूवर अँटेना चढवून खाली लांब केबल सोडणारे भाऊ तर मला दर उन्हाळ्यात भेटतात. आरजी-58 केबल 2.4 गिगाहर्ट्झवर मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. पाच मीटर केबल म्हणजे दोन तृतीयांश पॉवर वाटेतच संपली. कनेक्टरही बघा: एसएमए आणि आरपी-एसएमए हे स्क्रूचे दोन प्रकार एकमेकांवर नीट फिरतात, पण मधली पिन जुळत नाही. आणि अँटेना न लावता व्हिडिओ ट्रान्समीटर चालू करू नका, जळतो.

ड्रोन दिसतोय म्हणजे वाट मोकळी, असंही नाही. एक किलोमीटरच्या टप्प्यात मध्यावर, 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींना रेषेभोवती साडेपाच मीटर त्रिज्येची जागा लागते. शेजाऱ्याच्या कठड्याला घासून जाणारी रेषा म्हणूनच दगा देते. इतवारी, महालच्या दाटीत वायफायची गर्दी वेगळीच; तिथे 5.8 गिगाहर्ट्झवर जाऊन बघा. पोहोच कमी, पण गोंगाटही कमी.

रेंज कितीही मिळाली, तरी ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवायचा, त्यापलीकडे परवानगी लागते. शहराचा बराच भाग सोनेगाव विमानतळापासून 12 किलोमीटरच्या आत येतो. 2021 च्या नियमांनुसार 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवायची हद्द, 200 फुटांपर्यंतच असतो. उडवण्याआधी डिजिटल स्काय हा सरकारी झोन-नकाशा उघडा.

संक्रांतीच्या आठवड्यात मात्र मी रिमोटला हातच लावत नाही. प्रोपेलरमध्ये नायलॉन मांजा अडकला, तर सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतानाही ड्रोन शेजारच्या गच्चीवर.