फॉर्म्युला वनची सराव सत्रं कशी बघावीत : इंदूरकरांसाठी शुक्रवारचा अभ्यास

बहारीन, २०२४. पहिल्या सराव सत्रात सगळ्यात वेगवान ठरला डॅनियल रिकार्डो. दुसऱ्यात लुईस हॅमिल्टन, आणि त्याच्या पाठोपाठ त्याचाच संघसोबती जॉर्ज रसेल. तिसऱ्यात कार्लोस साइन्झ. मग पात्रता फेरी झाली आणि पोल (शर्यत सगळ्यात पुढून सुरू करण्याचा मान) पटकावली रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टापेननं. शर्यतही त्यानंच जिंकली, तीही २२ सेकंदांच्या फरकानं. हॅमिल्टन सातवा आला, रिकार्डो तेरावा. सरावाचा तक्ता पाहून ज्यांनी अंदाज बांधले होते, त्यांची पार फसगत झाली.

आता २०२३ चं सिंगापूर बघा. तिन्ही सराव सत्रांत फेरारी वर, रेड बुल शुक्रवारपासूनच चाचपडत होती. पात्रता फेरीत रेड बुलचे दोघं अकरावे आणि तेरावे, आणि रविवारी फेरारीचा साइन्झ जिंकला. त्या मोसमातल्या २२ शर्यतींपैकी रेड बुलनं गमावलेली ही एकुलती एक. म्हणजे सराव खोटं बोलतो असं नाही. फक्त तो पहिल्या-दुसऱ्या क्रमांकातून बोलत नाही. कुठे बघायचं ते कळलं, की शुक्रवारचे ते दोन तास शर्यतीइतकेच रंगतात.

आधी घड्याळ लावून घ्या

नेहमीच्या वीकेंडला शुक्रवारी दोन आणि शनिवारी एक अशी तीन सत्रं होतात, प्रत्येकी ६० मिनिटांची. (२०२१ च्या आधी शुक्रवारची सत्रं दीड-दीड तासाची असत.) युरोपातल्या शर्यती आपल्या फार सोयीच्या. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे पहिलं सत्र सहसा आपल्या संध्याकाळी पाचला आणि दुसरं रात्री साडेआठला येतं. विजयनगरच्या ऑफिसात पाच वाजता कुणी मोकळं नसतं, पण साडेआठपर्यंत माणूस घरी येऊन जेवायला बसलेला असतो. सुदैवानं जे सत्र चुकवू नये ते दुसरंच आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

मेलबर्नचं पहिलं सत्र सकाळी सातच्या सुमाराला असतं, पोहे-जिलेबीच्या वेळेला. जपानच्या सुझुकाचं आठला. अवघड आहेत त्या अमेरिका खंडातल्या शर्यती. मेक्सिकोचं पहिलं सत्र आपल्याकडे रात्री बाराला आणि दुसरं पहाटे साडेतीनला येतं. तिथला शुक्रवार म्हणजे आपल्याकडे शनिवार उजाडलेला असतो, तेव्हा कॅलेंडरमध्ये तारीख टाकताना सावध राहा. सराफ्यातून रात्री उशिरा परतणाऱ्यांना बाराचं सत्र जमेल. साडेतीनचं मात्र दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगवर बघा, कारण पेंगुळलेल्या डोळ्यांनी यातलं काही हाती लागत नाही.

दोन पडदे आणि एक वही

भारतात फॉर्म्युला वनचं प्रक्षेपण २०२४ मध्ये फॅनकोडकडे आलं. चित्र टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर लावा आणि मोबाइलवर फॉर्म्युला वनचं अधिकृत ॲप उघडून लाइव्ह टायमिंग सुरू ठेवा. सरावात चित्रापेक्षा हा आकड्यांचा पडदाच महत्त्वाचा. कॅमेरा घसरलेल्या गाडीमागे धावतो, आणि तेवढ्यात दुसरी एखादी गाडी शांतपणे दहा लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) मारून पिटमध्ये, म्हणजे संघाच्या गॅरेजकडे, परतलेली असते.

रंगांची ओळख करून घ्या. लॅपचे तीन भाग पाडतात, त्यांना सेक्टर म्हणतात. जांभळा म्हणजे आतापर्यंतचा सगळ्यात वेगवान सेक्टर, हिरवा म्हणजे त्या ड्रायव्हरची स्वतःची सर्वोत्तम वेळ, पिवळा म्हणजे त्याहून संथ. टायरवरचा लाल पट्टा सॉफ्टचा (सगळ्यात वेगवान, पण लवकर झिजणारा), पिवळा मीडियमचा, पांढरा हार्डचा (संथ, पण टिकाऊ). पावसाळी टायरांत हिरवा इंटरमीडिएट आणि निळा पूर्ण पावसाचा.

तिसरी गोष्ट साधी वही. ती का लागते ते आता सांगतो.

प्रत्येक सत्राचा स्वभाव ओळखा

पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. जून २०२१ मध्ये प्रकाश जावडेकरांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथे किंवा पिथमपूरच्या कारखान्यांत गाड्यांच्या चाचणीचं काम करणारे अनेक जण आपल्या ओळखीत असतात. त्यांना विचारा, ते एकच नियम सांगतील : एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणारच नाही. फॉर्म्युला वनचा सराव म्हणजे नेमकं हेच काम, तासाभरात कोंबलेलं. तक्त्यातला आकडा समजून घ्यायचा तर आधी विचारायचं, ही गाडी आत्ता कोणता प्रश्न घेऊन बाहेर पडली आहे?

पहिल्या सत्रात प्रश्न मूलभूत असतात. गाड्यांच्या मागे-पुढे लोखंडी जाळ्यांसारख्या चौकटी दिसतील. त्या हवेचा दाब मोजतात. काही गाड्यांच्या पंखांना हिरवा नाहीतर केशरी पातळ रंग फासलेला असतो. हवा जिथून वाहते तिथे तो रंग ओघळतो आणि इंजिनीअर त्याचे फोटो काढून कारखान्यातल्या अंदाजाशी ताडून बघतात. नवोदितांनाही हेच सत्र मिळतं. २०२५ पासून प्रत्येक गाडीवर वर्षातून दोन वेळा असा ड्रायव्हर बसवणं बंधनकारक आहे ज्यानं दोनहून जास्त ग्रांप्री शर्यती केलेल्या नाहीत. तेव्हा अनोळखी नाव दिसलं तर गोंधळू नका आणि त्या गाडीच्या वेळेवरून संघाबद्दल काही ठरवूही नका. सुरुवातीला ट्रॅकवर धूळ असते. जसजसं रबर बसत जातं तसतशी पकड वाढते, म्हणून दहाव्या मिनिटाची वेळ आणि पन्नासाव्या मिनिटाची वेळ यांची तुलना होत नाही.

दुसरं सत्र हा वीकेंडचा गाभा. बहारीन, सिंगापूर, अबुधाबी इथे तर फारच. पात्रता फेरी आणि शर्यत संध्याकाळी किंवा रात्री असते, आणि पहिलं नि तिसरं सत्र त्याहून तापलेल्या ट्रॅकवर पार पडतं. शर्यतीच्या वेळेचं हवामान आणि ट्रॅकचं तापमान फक्त दुसऱ्या सत्रात मिळतं. बहुतेक संघांचा क्रम ठरलेला असतो. आधी मीडियमवर थोडे लॅप, मध्यावर नव्या सॉफ्टवर एक-दोन वेगवान लॅप, आणि शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत भरपूर इंधन घालून सलग लॅप, म्हणजेच लांब धाव. तक्त्याचा क्रम मधल्या टप्प्यात ठरतो. समालोचकही तेव्हाच जोरात असतात, आणि नंतर बरेच जण टीव्ही बंद करतात. तुम्ही नेमकं तेव्हाच पेन उघडा.

लांब धाव वहीत उतरवा

सगळ्या गाड्यांचं लिहायला जाऊ नका. चार निवडा, शक्यतो एकाच जातीच्या टायरवर एकाच सुमाराला निघालेल्या. प्रत्येक लॅपची वेळ एकाखाली एक लिहा. पिटमधून निघतानाचा आणि पिटमध्ये शिरतानाचा लॅप सोडून द्या. मध्ये एखादा लॅप दीड-दोन सेकंदांनी संथ दिसला तर समोर रहदारी आली असणार. तोही खोडा.

समजा, मीडियमवर दोन गाड्यांचे आठ-आठ लॅप मिळाले. १ मिनिट सोडून फक्त सेकंद लिहू :

अ : ३६.८, ३६.९, ३६.९, ३७.१, ३७.०, ३७.२, ३७.३, ३७.३
ब : ३६.२, ३६.४, ३६.८, ३७.१, ३७.४, ३७.६, ३७.९, ३८.२

वरवर पाहिलं तर ब भारी. पहिल्याच लॅपला ती ०.६ सेकंदानं पुढे आहे आणि मथळ्यांत नावही तिचंच येईल. पण चौथ्या लॅपला दोघींची बरोबरी झाली आणि तिथून चित्र पालटलं. आठव्या लॅपला ब तब्बल ०.९ सेकंदानं मागे. सरासरी काढा : अ ची ३७.०६, ब ची ३७.२०. फरक छोटा वाटतो, पण सरासरीहून उतार मोलाचा. आठ लॅपांत अ अर्ध्या सेकंदानं मंदावली, ब पूर्ण दोन सेकंदांनी. रविवारी हेच टायर वीस लॅप चालवायचे झाले तर ब ला लवकर पिटमध्ये यावं लागेल, नाहीतर ड्रायव्हरला सुरुवातीपासूनच हात राखून चालवावं लागेल.

यात इंधनाचा भाग विसरू नका. साधारण दहा किलो इंधनाचा भार लॅपमागे ०.३ सेकंद खातो. लॅपागणिक इंधन जळून गाडी हलकी होते, म्हणजे टायर जराही झिजले नसते तर वेळ कमी-कमी होत जायला हवी होती. ती तेवढीच राहिली तरी टायर झिजताहेत असं समजा. कोणत्या संघानं किती इंधन भरलंय ते बाहेर कुणालाच कळत नाही आणि इंजिन किती ताणलंय तेही नाही. म्हणून दोन संघांच्या वेळांत दोन-तीन दशांशांचा फरक असेल तर त्यावर काही बांधू नका. उतार मात्र लपत नाही. एकाच संघाच्या दोन ड्रायव्हरांची तुलनाही बऱ्यापैकी विश्वासाची, कारण संघ दोघांना बहुधा सारख्याच वजनावर सोडतो.

माझा भाचा बारावीत आहे, टिळकनगरला राहतो. त्यानं हीच वही मोबाइलच्या स्प्रेडशीटमध्ये नेली आणि उताराची रेघच काढून दाखवली. "मामा, ही रेघ बघ, ह्याचा टायर दहाव्या लॅपला संपणार," असं तो छातीठोकपणे सांगतो तेव्हा मला मनापासून आनंद होतो. सहावी-सातवीतल्या मुलांनाही हे जमेल. सरासरी आणि आलेख यापलीकडे त्यात काही लागत नाही.

टायरांचा शिल्लक हिशेब

हा भाग फारसं कुणी बघत नाही, आणि मला तो सगळ्यात आवडतो. नेहमीच्या वीकेंडला प्रत्येक ड्रायव्हरला कोरड्या ट्रॅकसाठी १३ संच मिळतात : ८ सॉफ्ट, ३ मीडियम, २ हार्ड. प्रत्येक सराव सत्रानंतर दोन संच परत करावे लागतात. कोणते परत करायचे, ते संघ ठरवतो.

म्हणून कुणी काय वापरलं त्याची वहीत नोंद ठेवा. एखाद्या संघानं तिन्ही सत्रांत हार्डला हातच लावला नाही, तर शर्यतीसाठी दोन्ही हार्ड कोरे राखून ठेवलेत असं धरा. त्यांना टायर फार झिजण्याची भीती आहे. उलट शुक्रवारीच कुणी हार्ड जाळला, तर रविवारचा बेत मीडियमभोवती आहे, निदान एकाच हार्डवर भागेल असा त्यांचा कयास आहे. शर्यतीत कुणी अनपेक्षित वेळी पिटमध्ये आला की बाकीचे चकित होतात. तुमच्याकडे त्याचं उत्तर शुक्रवारीच लिहिलेलं असतं.

सेक्टर आणि रेडिओ

पूर्ण लॅपऐवजी तिन्ही सेक्टर वेगळे बघा. बेल्जियमचं स्पा घ्या. तिथले पहिला आणि तिसरा सेक्टर सुसाट, मधला वळणांचा. एखादी गाडी दोन्ही टोकांना जांभळी आणि मध्ये पिवळी दिसली, तर तिनं पंखाचा कोन कमी ठेवलाय, म्हणजे सरळ रस्त्यावर वेग जास्त, वळणावर पकड कमी. पात्रता फेरीत ती थोडी मागे राहील, पण शर्यतीत तिला ओव्हरटेक करणं कठीण. पावसाची चिन्हं असतील तर मात्र हाच निर्णय अंगाशी येईल.

ड्रायव्हर रेडिओवरून संघाशी बोलतो, त्यातल्या दोनच तक्रारी ओळखायला शिका. अंडरस्टीअर म्हणजे स्टीअरिंग वळवलं तरी गाडीचं नाक वळत नाही. ओव्हरस्टीअर म्हणजे मागची चाकं बाहेर निसटतात. ड्रायव्हर शुक्रवारी कुरकुरला तर काळजी नाही, त्यासाठीच सराव असतो. तीच तक्रार शनिवारच्या सत्रातही कायम असेल, तर ती वहीत अधोरेखित करा.

व्यत्यय आला तर

लाल झेंडा लागला की सत्र थांबतं, पण घड्याळ सहसा चालूच राहतं. गेलेला वेळ परत मिळत नाही आणि पहिला बळी जातो तो शेवटच्या लांब धावेचा. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिल्याच सराव सत्रात ट्रॅकवर कुत्रा शिरला आणि लाल झेंडा दाखवावा लागला होता. २०२३ मध्ये लास व्हेगासला साइन्झची गाडी रस्त्यातल्या सुटलेल्या झाकणावर आदळली आणि पहिलं सत्र जेमतेम आठ मिनिटांत आटोपलं. दुसरं सत्र मग ९० मिनिटांचं झालं, तिथल्या वेळेनुसार पहाटे अडीचला. असं घडलं की आपल्या नोंदींवरचा विश्वास निम्म्यावर आणा. लांब धावा पुरेशा झालेल्या नसतात, त्यामुळे संघही रविवारी अंदाजानंच खेळतात.

शनिवारी अंदाज लिहा

तिसऱ्या सत्रात बहुतेक संघ सॉफ्टवर पात्रता फेरीची तयारी करतात. सेटिंग बदलण्याची ही शेवटची संधी, कारण पात्रता फेरी सुरू झाली की पुढच्या पंखाचा कोन आणि अशाच किरकोळ गोष्टी सोडल्या तर गाडीला हात लावता येत नाही. म्हणून शुक्रवारी अडखळलेला संघ रात्रीत काय बदलून आलाय, एवढंच इथे तपासा.

सत्र संपताच वहीत दोन वेगळे अंदाज लिहा, पोल कुणाची आणि शर्यतीचा वेग कुणाचा. दोन्ही नावं एकच असायला हवीत असं नाही. रविवारी शर्यत सुरू झाल्यावर पहिल्या पिटस्टॉपपर्यंत आघाडीच्या गाड्यांचे लॅप परत लिहून काढा आणि शुक्रवारचा उतार शेजारी ठेवा. कुठे जुळलं, कुठे चुकलं ते तिथेच दिसतं.

काही वीकेंडला शनिवारी स्प्रिंट नावाची छोटी शर्यतही असते. तेव्हा यातलं बरंच गाळावं लागतं. तिथे सराव एकच, ६० मिनिटांचा, आणि त्याच दिवशी स्प्रिंटची पात्रता फेरी. संघ त्या तासात सगळंच थोडं-थोडं उरकतात, त्यामुळे वहीत फारसं जमत नाही. अशा वेळी शनिवारची १०० किलोमीटरची स्प्रिंटच लांब धाव समजून तिचे लॅप उतरवून घ्या.